ढालकऱ्यांची बरणी

३ मार्च

भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते उघडणार नाहीस, म्हणून पत्ता मासेवाल्यांच्या हातून लिहून घेतला आहे. लबाडीनेच सुरुवात केली म्हण हवं तर. पण बारा वर्षांत चार पत्रं जशीच्या तशी परत आली. तेव्हा सरळ वाटेने तुझ्या दारात पोचता येत नाही, हे मी कबूल केलं आहे.

मासेवाले म्हणजे आमच्या संग्रहालयात माशांचा विभाग सांभाळणारे गृहस्थ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काय?' म्हणतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. एप्रिलअखेर मी निवृत्त होते आहे आणि माझ्या बरण्यांच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे जाणार आहेत. किल्ल्या द्यायच्या आधी बरणी न् बरणी दाखवून द्यायची असते. मी बरणी उचलायची, आत स्पिरिट कुठवर आहे ते दाखवायचं, चिठ्ठी मोठ्याने वाचायची, त्यांनी मान डोलवायची, मग दोघांनी सह्या करायच्या. एकतीस वर्षं मी ही झाकणं आवळली आणि उडून गेलेलं स्पिरिट भरत राहिले. आता रोज पन्नास-साठ बरण्या माझ्या हातून सुटतात.

परवा जमिनीवरच्या कवचधाऱ्यांचं कपाट आलं. मासेवाल्यांनी नाक मुरडलं. "बाई, हे किडे खेकड्यांच्या रांगेत कोणी आणून बसवले, काय?"

मग मी, तू घरी सगळ्यांना ऐकवायचीस ते भाषण त्यांना ऐकवलं. म्हटलं, अहो, किडे कसले? किड्याला सहा पाय, यांना चौदा. हे खेकडा-कोळंबीच्या भावकीतले. बाकीची भावकी समुद्रात राहिली, हे जमिनीवर बिऱ्हाड करायला आले. पण श्वास अजून पोटाखालच्या ओल्या पाकळ्यांनी घेतात, म्हणून ओल सोडून कुठे जात नाहीत. कुंडी उचलली की पळत सुटतात ते घाबरून नव्हे, सुकून मरायला नको म्हणून. आणि त्या शेजारच्या बरणीतले उड्या मारणारे, तेही याच गोतातले, चुलत घराण्यातले. कात टाकायची यांची तऱ्हाही वेगळी, आधी मागच्या अर्ध्या अंगाची टाकतात आणि चार दिवसांनी पुढच्या.

ते चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "तुम्ही शिकवायचं सोडून इथे स्पिरिट भरत कशाला बसलात, काय?" मी हसले. ते कधी उत्तराची वाट बघत नाहीत हे किती बरं आहे.

दोनशे सात क्रमांकाची बरणी आली तेव्हा मी म्हटलं, आज पुरे, हात दुखतात. हात दुखत नव्हते.

तुझी तब्येत कशी आहे? तू कुठेतरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहेस एवढंच ऐकून आहे. सांगायचं होतं ते राहिलंच.

ताई


११ मार्च

भिंगरी,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू उघडलंस, किंवा तिकडचा पोस्टमन आळशी आहे. मी पहिलं धरून चालते.

आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा मासेवाल्यांच्या गमती सांगत बसेन.

बाबांना पहिला झटका आला ते वर्ष तुला आठवत असेल. तुझ्या पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं आणि मी तुला काही करू दिलं नव्हतं. सकाळी बाबा, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी परत बाबा. पाच-सहा महिने मी कपाटांची फेरी मारलीच नाही. नोंदवहीत मात्र फेरी झाल्याचं लिहीत होते. पुढे एका दिवशी जमिनीवरच्या कवचधाऱ्यांपाशी आले आणि दोनशे सात उचलली, तर ती हलकी लागली. झाकणातलं रबर चिरलं होतं. स्पिरिट सगळं उडून गेलं होतं आणि तळाशी तो प्राणी वाळून पडला होता.

तो कोण होता हे तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण मला ते लिहून बघायचं आहे. पहिल्या संचालकांनी डोंगरातल्या एका ओढ्याकाठी पकडलेला, मानेला लाल फीत बांधलेल्या बरणीतला मूळ नमुना. त्या जातीचं नाव ज्या एका प्राण्यावर ठेवलं गेलं, तोच हा. उद्या कोणाला शंका आली तर जगात दुसरीकडे कुठे नाही, इथेच येऊन बघायचं.

वाळलेल्या नमुन्याचं काय करायचं ते मला झोपेतही सांगता येईल. बंद डब्यात ओल्या कापसाशेजारी चार-आठ दिवस ठेवायचं. मग थेंबथेंब पाणी, मग पातळ स्पिरिट, मग जरा कडक. दर वर्षी दोन महिने मी नव्या लोकांना हेच शिकवत असते. पण त्या दिवशी बाहेर पावलं वाजली, आणि मी कडक स्पिरिटची बाटली घेऊन सरळ वरून ओतली. तो फुटला. पाय सुटले, पाठीच्या पट्ट्या सुटल्या आणि सगळा चुरा हळूहळू खाली बसला. बाहेर कोणी नव्हतं, झाडूवाला पुढे निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरामागे गेले. बाबांनी हिरवा तेलरंग दिलेल्या त्या कुंड्या होत्या ना, त्यातली कोपऱ्यातली उचलली. खाली आपले ढालकरी होते. त्यातला मापाने जुळणारा एक बाटलीत घेतला. लहानपणी तू यांच्यासाठी मला न्हाणीघरात अनवाणी आणि हळू चालायला लावायचीस, पाठीवर ढाल आहे म्हणून ढालकरी हे नावही तूच ठेवलंस. मी त्याला स्पिरिटमध्ये टाकलं, जुन्या चिठ्ठीसह बरणीत सोडलं, नवं रबर बसवलं, मेण ओतलं आणि सील केलं. चुरा एका औषधाच्या बाटलीत भरून माझ्या खणात ठेवला. टाकून द्यायचा धीर झाला नाही.

वाटलं होतं, या बरणीला साठ वर्षांत तिघांनी हात लावलाय, पुढच्या साठात कोण येतंय.

दोन वर्षांनी तू आलीस. आमच्याच संग्रहालयात, संशोधक म्हणून. आणि एवढ्या हजारो बरण्यांतून तू मागितलीस ती ही. मी ती माझ्या हाताने तुझ्या हातात दिली आणि तुझी सही घेतली.

आठवड्याने तू घरी आलीस ती जवळजवळ उड्या मारत. "ताई, गंमत ऐक! म्हातारबुवा संचालक चुकलेत. ही वेगळी जातबित काही नाही गं, हा आपला न्हाणीघरातला ढालकरी आहे! नुसता आपला ढालकरी!" तुला इतकं हसू येत होतं की तू भिंतीला टेकलीस. मी म्हटलं, जेवून घे, गार होतंय.

तेव्हा सांगायला हवं होतं. सगळ्यांत सोपं तेव्हाच होतं.

ताई


२४ मार्च

भिंगरी,

हेही परत आलं नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तू लेख लिहिलास, छापून आला, बाबांनी तो उशाशी ठेवला. मग परगावच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. म्हाताऱ्या संचालकांनी मूळ नमुन्यासोबतच, त्याच ओढ्याकाठी पकडलेले आणखी दोन प्राणी त्या प्राध्यापकांच्या संग्रहालयाला भेट दिले होते, आणि त्यांच्या पाठीवर उभ्या खरबरीत रेघा स्पष्ट होत्या. आपल्या ढालकऱ्याची पाठ तर गुळगुळीत. म्हणजे जात वेगळी होतीच, बरणीतला प्राणी मात्र तो नव्हता. बरणी शेवटची कोणाच्या सहीने बाहेर गेली, तर तुझ्या.

समितीने मला बोलावलं. लांब टेबल, पलीकडे तिघे. विचारलं, "बरणी यांच्या ताब्यात दिली तेव्हा सील शाबूत होतं?" मी म्हटलं, "होतं." तेवढंच विचारलं आणि तेवढंच मी सांगितलं. सील शाबूत होतं, यात तिळभर खोटं नव्हतं. ते मीच लावलं होतं.

मला नोकरी जाईल ही भीती होती. बाबा अंथरुणावर होते. तू हुशार आहेस, तुला कुठेही काम मिळेल, मला बरण्यांशिवाय काय येतं? असं मी स्वतःला रोज समजावत होते. माझी अशीही समजूत होती की तू शेवटपर्यंत नाकारत राहिलीस आणि त्यांनी ऐकलं नाही. 'सगळ्यांनी मिळून तिच्यावर अन्याय केला' असं म्हणताना त्या सगळ्यांत मी थोडी पुसट व्हायचे.

काल मी आत्ताच्या संचालकांकडे गेले आणि समितीची जुनी फाइल मागितली. निघता निघता काय मागते ही बाई, अशा चेहऱ्याने त्यांनी दिली. तुझा जबाब त्यात आहे. अर्ध्या पानाचा. 'बरणी उघडताना माझ्या हातून मूळ नमुना नष्ट झाला. घाबरून मी त्या जागी दुसरा प्राणी ठेवला. बरण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा यात कोणताही दोष नाही.' खाली सही आहे.

मी ते तीनदा वाचलं. मग मासेवाल्यांना सांगितलं की आज बरण्या नकोत. ते 'काय?' म्हणाले नाहीत. पाणी आणून दिलं आणि दार ओढून घेऊन गेले.

कर्मचारी लिहिलंस. बहीण लिहिलं नाहीस. बारा वर्षं मी तुझ्यावर रागावले होते, भिंगरी. बाबांना पोचवायला आलीस आणि चहाही न घेता गेलीस, म्हणून चारचौघांत तुला माणूसघाणी म्हणाले. हे तोंड आता कुठे नेऊन ठेवू?

ताई


२ एप्रिल

भिंगरी,

दिलं.

तीन पानं लिहून, सही करून, चुऱ्याची बाटली सोबत जोडून संचालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचलं. बाटली उजेडात धरली. खरबरीत रेघांचे दोन तुकडे त्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मग ते खूप वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले.

"बाई, बारा वर्षं झाली. फाइल बंद आहे. तुम्हाला चार आठवड्यांत आम्ही हार घालून निरोप देणार होतो. आता हे बाहेर काढून कोणाचं भलं होणार?"

मी म्हटलं, "तिचं."

"त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"तिने खोटं कबूल केलंय. मला वाचवायला."

त्यांनी पुन्हा टोपण मिटलं. पण माणूस वाईट नाही. म्हणाले, दुरुस्ती छापावी लागेल, तुमचं नाव येईल, निरोपाचा कार्यक्रम होणार नाही. मी म्हटलं, मला हार घालून घ्यायची तशीही हौस नाही, मान अवघडते. त्यांना हसावं की नाही ते कळेना.

मासेवाल्यांना मी स्वतःच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उरलेल्या बरण्या उद्या बघू." आज सकाळी आले तेव्हा मात्र प्रत्येक झाकण स्वतः फिरवून बघत होते. पूर्वी माझ्या शब्दावर सही करायचे. त्यांचं बरोबरच आहे.

तर तुझं नाव मोकळं होईल. त्या लेखातही तुझी काही चूक नव्हती, समोर होता तो ढालकरीच होता आणि तू त्याला ढालकरीच म्हणालीस. संग्रहालय तुला पत्र पाठवेल. तुला परत यावंसं वाटलं तर तुझी खोली आहे. कुंड्या आहेत. बाबांचा रंग उडालाय, पण खाली वस्ती तशीच आहे.

आता माझ्याकडे सांगायचं काही उरलेलं नाही. दोन ओळी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

ताई


९ एप्रिल

ताई,

पहिलं पत्र अनोळखी अक्षर बघून उघडलं. बाकीची उघडली, कारण पहिलं उघडलं होतं.

संग्रहालयाचं पत्र मिळालं. दुरुस्ती छापताहेत ते ठीक आहे. त्या प्राण्यासाठी ठीक आहे. मी परत येणार नाही. इथे पाण्यात काय आहे ते बघते आणि संध्याकाळी घरी येते, मला बरं चाललंय.

प्राध्यापकांचं पत्र आलं तेव्हाच मी बरणीतला प्राणी पुन्हा भिंगाखाली घेतला होता. पोट उघडून आतडं बघितलं. त्यात हिरव्या तेलरंगाचे कण होते. ओढ्याकाठी कोण तेलरंग देतं?

तू म्हणतेस सांगायचं काही उरलेलं नाही. मी चारही पत्रं दोनदा वाचली. बरणी आहे, चुरा आहे, सील आहे, समिती आहे. एक गोष्ट एकाही पत्रात नाही.

माझा जबाब घ्यायचा होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आले. तू भाजी चिरत होतीस. मी म्हटलं, "ताई, एकदाच विचारते, परत विचारणार नाही. माझ्याआधी ती बरणी तू उघडली होतीस का?" तू वर न बघता म्हणालीस, "नाही."

तू 'हो' म्हणाली असतीस तरी दुसऱ्या दिवशी मी तेच लिहून दिलं असतं. तुझी नोकरी मी जाऊ दिली नसती. तू मला वाढवलंस, बाबांचं सगळं तुझ्यावर होतं, माझं काय, मी कुठेही उभी राहिले असते. फक्त ते लिहून देऊन मी घरी जेवायला आले असते. आपण दोघी मिळून रडलो असतो.

तू समितीशी काय बोललीस याचं मला कधीच काही वाटलं नाही. मी गेले ती त्या 'नाही'मुळे. तेही तू विसरली असशील असं मला बारा वर्षं वाटत होतं. आता पत्रं वाचून कळलं की विसरलेली नाहीस. इतकं सगळं लिहिलंस आणि नेमकी तेवढीच संध्याकाळ वगळलीस.

यापुढचं पत्र मी उघडणार नाही.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरी,

हो. मी उघडली होती.

तू हे वाचणार नाहीस, त्यामुळे आता काही लपवायचं कारण नाही. ती संध्याकाळ मी विसरले नव्हते. प्रत्येक पत्रात ती लिहायला घेतली आणि प्रत्येक वेळी कागद बदलला. बरणीचं सांगता येतं. भीती होती, बाबा आजारी होते, बाहेर पावलं वाजली, असं काही ना काही त्याला जोडता येतं. स्वयंपाकघरात त्यातलं काही नव्हतं. बाहेर कोणी ऐकायला नव्हतं. तू विचारत होतीस आणि 'हो' म्हटल्याने काही बिघडणार नव्हतं, हेही मला आतून ठाऊक होतं. तू मला सांभाळून घेतलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?

तरी मी नाही म्हटलं. का, ते लिहिते.

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्रच. तू आठ वर्षांची. मी कॉलेज सोडलं, कोणी सोड म्हणालं नव्हतं, पण दुसरं कोण होतं? पुढे बरण्यांची नोकरी मिळाली. ढालकऱ्याचे पाय तुला पहिल्यांदा मोजून दाखवले ते मी, माझ्या वहीतलं चित्र बघून. तू शिकत गेलीस, मला आनंदच होत होता, हे खोटं नाही. पण तू आमच्या संग्रहालयात आलीस, गळ्यात ओळखपत्र, आणि सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "बाई, दोनशे सात काढून देता का?" ऑफिसात बाई म्हणायचं असं आपलं ठरलंच होतं. मी काढून दिली. त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आणला.

मग ते सगळं झालं आणि त्या संध्याकाळी तू दारात उभी राहिलीस. चेहरा पार उतरलेला. ओठ कोरडे. तसा चेहरा मी त्याआधी फक्त आरशात बघितला होता, कॉलेजातून नाव काढून घेतलं त्या दिवशी. आणि मला, भिंगरी, क्षणभर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वाटलं, आता ही कुठे जात नाही. आता हिचंही माझ्यासारखंच होईल, घरात दोघी सारख्या असू, मी हिला समजावीन, जेवायला वाढीन, पुन्हा आठ वर्षांची असल्यासारखं सांभाळीन. त्या एका क्षणात तू प्रश्न विचारलास.

मी नाही म्हटलं, आणि तू मान हलवून खोलीत गेलीस. मी उरलेली भाजी चिरली. दुसऱ्या दिवशी तू सकाळी निघालीस तेव्हा हातात फक्त पर्स होती, म्हणून मला संशय आला नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, धाकटी कुठे आहे? मी म्हटलं, कामात असेल, येईल.

त्या दिवशी मी तिघांचा स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशीही तिघांचाच केला. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "अगं, किती उरतंय." तेव्हा कुठे मी दोघांचा करायला लागले.

ताई